कासव बाहेर केव्हा येते

हिंडलग्यापासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात जुन्या शिवालयांतून नंदीच्या पुढे, गाभाऱ्याच्या उंबरठ्याअलीकडे, फरशीत कोरलेले कासव जागोजाग भेटते. भाविक त्याला हात लावून तोच हात कपाळाला लावतात. इथे कासव कशाला, असे एखाद्या मुलाने विचारलेच तर मोठ्यांचे उत्तर ठरलेले असते: कासव जसे पाय पोटाशी ओढून घेते, तशी इंद्रिये आवरायची आणि मग देवापुढे जायचे. हे उत्तर गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या 58व्या श्लोकातून आले आहे आणि इतके रुळले आहे की त्यावर पुन्हा विचार करायची गरज कुणाला वाटत नाही. पण आता कासव देवळातून घरात आले आहे. कुठे ते पाण्याच्या ताटलीत उत्तरेकडे तोंड करून बसवलेले स्फटिकाचे असते, कुठे बोटातल्या अंगठीवर असते, आणि काही घरांत ते जिवंत असते, प्लास्टिकच्या टबात किंवा माशांसाठी आणलेल्या काचेच्या पेटीत ठेवलेले लहानसे पिल्लू. लक्ष्मी येते म्हणून आणलेले हे पिल्लू दिवसातला बराच वेळ दिसतच नाही. कोपऱ्यात, पाल्याखाली, पाण्याच्या भांड्याच्या आडोशाला ते अंग चोरून बसते. मुले हिरमुसतात, बाप पेटीवर टिचक्या मारून पाहतो, आजी म्हणते, असू दे रे, ध्यानाला बसलंय ते. आजीचे हे वाक्य हसून सोडून देण्यासारखे नाही, कारण गीतेवर भाष्य करणाऱ्यांना पडलेला प्रश्नच त्यात आहे. आत जाणारा जीव संयमी असतो की घाबरलेला? आणि घाबरलेला असेल, तर त्याला आपण स्थितप्रज्ञाचा नमुना का मानतो?

आधी पिल्लाकडे पाहू. जमिनीवर राहणाऱ्या स्टार कासवाचे (तारा कासवही म्हणतात त्याला) अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू जेमतेम लिंबाएवढे असते. ज्या पाठीच्या भरवशावर मोठे कासव निर्धास्त असते ती पाठ या वयात पुरती टणक झालेली नसते. कावळा, घार, मुंगूस, घोरपड यांतल्या कुणालाही ते सहज खाता येते. आई जवळ नसते, कारण कासवीण खड्डा खणून अंडी घालते, माती ओढून तो बुजवते आणि निघून जाते. पळून वाचण्याइतका वेग पिल्लाकडे नाही, चावून प्रतिकार करण्याइतका जबडा नाही. उरतो एकच उपाय, दिसायचेच नाही. गवताच्या बुडख्याशी, पालापाचोळ्याखाली, दगडाच्या कपारीत ते दिवसाचा बहुतेक काळ काढते आणि सकाळी-संध्याकाळी थोडा वेळ चरायला निघते. दडण्याचा दुसरा हेतू ओलावा राखण्याचा असतो. एवढ्याशा देहातले पाणी उघड्यावर लवकर उडून जाते. पाल्याखालची दमट हवा ते टिकवून धरते. कोरड्या पेटीत वाढवलेल्या पिल्लांच्या पाठीवर पुढे ओबडधोबड उंचवटे येतात ते बऱ्याच अंशी या ओलाव्याच्या अभावाने. तिसरे कारण गारठ्याचे. कासवाला स्वतःची ऊब नसते, बाहेरच्या उन्हावर त्याचा सगळा कारभार चालतो. बेळगावकडच्या पौषातल्या सकाळी किंवा पावसाळ्यातल्या सलग झाकोळलेल्या दिवसांत ते हलत नाही, यात साधना नाही आणि आळसही नाही. थोडक्यात, पिल्लू दडते ते शत्रूच्या धास्तीने, अंग सुकू नये म्हणून आणि गारठ्यामुळे. आजीच्या ‘ध्याना’ला या तिन्हीत जागा नाही.

शंकराचार्यांना हे ठाऊक होते असे म्हणायला जागा आहे. गीतेच्या मूळ श्लोकात कासव अवयव का आत घेते याचे कारण दिलेलेच नाही. ते सगळीकडून अंगे आवरते, एवढेच तिथे आहे. आचार्य आपल्या भाष्यात तिथे एक शब्द स्वतःहून घालतात. कासव भयाने अंगे आवरते, असे ते सांगतात. शब्द एकच, पण त्याने केवढी पंचाईत होते पाहा. अवघे दोन श्लोक आधी, 56व्या श्लोकात, ज्याची आसक्ती, भय आणि क्रोध गेले तो स्थितप्रज्ञ, अशी व्याख्या येऊन गेलेली आहे. म्हणजे ज्याच्यात भय उरलेले नाही अशा माणसाला उपमा दिली ती भयाने आक्रसणाऱ्या प्राण्याची. आचार्यांच्या नजरेतून ही विसंगती सुटली असेल असे मला वाटत नाही. प्राणी जसा आहे तसा त्यांनी पाहिला आणि तसाच नोंदवला. शके 1212 मध्ये नेवाशाला याच श्लोकावर बोलताना ज्ञानेश्वरांनी मात्र कारण बदलले. त्यांचे कासव प्रसन्न झाले की अवयव पसरते आणि वाटले तर आपल्या इच्छेने आवरून घेते. इथे दोन गोष्टी नव्या आहेत. भयाच्या जागी इच्छा आली, ही पहिली. दुसरी मला अधिक मोलाची वाटते. मूळ श्लोकात फक्त आत जाणे होते. ज्ञानेश्वरांनी बाहेर येणे जोडले, आणि तेही आधी सांगितले, आवरण्याच्या आधी पसरणे. देवळातले कोरीव कासव या बाबतीत ज्ञानेश्वरांच्या बाजूचे आहे. पुन्हा कधी गेलात तर नीट पाहा: आपण त्याचा अर्थ ‘इंद्रिये आत ओढा’ असा सांगतो, पण पाथरवटाने ते बहुतेक वेळा मान पुढे काढलेले आणि चारही पाय फाकलेले कोरलेले असते. पाय आत घेतलेले कासव दगडात कोरले तर तो नुसता गोटा दिसेल, ही कारागिराची अडचण झाली. तरी शतकानुशतके माणसे हात लावत आली ती पाय बाहेर असलेल्या कासवालाच.

मग आचार्यांचे कासव खरे की ज्ञानेश्वरांचे? मला दोन्ही खरी वाटतात, आणि खरा प्रश्न त्यांच्यामधल्या अंतराचा आहे. भयाने आत जाणारा जीव इच्छेने आत-बाहेर करणारा कसा होतो? गीतेचा पुढचाच श्लोक या प्रश्नाकडे बोट दाखवतो. 59व्या श्लोकात म्हटले आहे की जो विषयांचा आहारच तोडतो त्याच्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. म्हणजे अवयव आत ओढल्याने काम झाले असे समजू नका, हा इशारा उपमेला लागूनच दिलेला आहे. आणि 64व्या श्लोकात तर आदर्श पुरुष विषयांमध्ये वावरणाराच दाखवला आहे, राग-द्वेष सुटलेल्या इंद्रियांनी. कासवाच्या श्लोकाचा अर्थ ‘आत बसा’ एवढाच असता, तर सहा श्लोकांनी हा वावरणारा माणूस कुठून आला?

बौद्ध आणि जैन परंपरांनीही हे कासव सांभाळले आहे, आणि त्यांच्या कथांत एक गोष्ट आहे जी गीतेच्या एका ओळीत मावत नाही, ती म्हणजे कोल्हा. संयुत्त निकायात संध्याकाळी नदीकाठी चरणारे कासव दुरून कोल्ह्याला पाहते आणि चार पाय व पाचवी मान आत घेऊन गप्प होते. कोल्हा एखादा अवयव बाहेर येईल म्हणून वाट पाहतो, फट सापडत नाही, तेव्हा कंटाळून निघून जातो. कोल्हा म्हणजे मार, साधकाला भुलवणारा, असा बोध. जैनांच्या ज्ञाताधर्मकथेतल्या कूर्म नावाच्या अध्ययनात दोन कासवे आणि दोन कोल्हे आहेत. कोल्हे लांब जाऊन लपतात. पहिल्या कासवाला वाटते संकट टळले. ते हळूच एक पाय काढते, तो तोडला जातो, मग दुसरा, आणि असे करत त्याचा जीव जातो. दुसरे पुष्कळ वेळ थांबते, आधी मान काढून चहूकडे पाहते आणि मग चारही पाय एकदम बाहेर काढून डोहाकडे धूम ठोकते. (ही कथा श्वेतांबर आगमातली. सीमाभागातले बहुतेक जैन, निपाणीजवळच्या स्तवनिधीला जाणारे, दिगंबर आहेत आणि हे आगम प्रमाण मानत नाहीत. कथा कासवाची असल्याने त्यांनी एवढे चालवून घ्यावे. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रत यांचे लांच्छन कासवच आहे, हे दोघांनाही मान्य आहे.) रूढ बोध इंद्रियगुप्तीचा आहे आणि तो बरोबरच आहे. पण कथा सांगणाऱ्याने लक्ष कुठे दिले ते पाहिले पाहिजे. दोन्ही कासवांना आत जाणे सारखेच जमले होते. मेले ते आणि वाचले ते, यांच्यातला फरक बाहेर कसे आले यात आहे. पहिल्याचे बाहेर येणे अधीरतेचे, तुकड्यातुकड्याचे. दुसऱ्याचे पाहून-सवरून, आणि एकदा ठरल्यावर पूर्ण. शिवाय दुसऱ्याजवळ जायला डोह होता.

हा डोह मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण कासवे वाढवणाऱ्यांचा आणि जप्त केलेली कासवे सांभाळणाऱ्या पशुवैद्यांचा अनुभव नेमका तिथेच येऊन मिळतो. पिल्लू सारखे दडते म्हणून त्याचा आडोसा काढून घेतला, पाला उपसला, भांडे उचलले, तर ते मोकळे फिरू लागेल असे माणसाला वाटते. होते उलटेच. उघड्या पेटीतले पिल्लू काचेला घासत राहते, नाहीतर कोपऱ्यात डोके खुपसून निपचित पडते, आणि खाणे टाकते. त्याच पेटीत मूठभर माती, ओला पाला आणि एका अंगाने तासलेली करवंटी किंवा उपडी कुंडी ठेवली की पहिले काही दिवस ते अधिकच दिसेनासे होते. मग एक दिवस मान बाहेर येते. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी पाला पडतो, तो टाकणारा हात पकडायला येत नाही, एवढे कळल्यावर काही आठवड्यांत ते त्या वेळेला स्वतःच येऊन थांबू लागते. दडायला जागा जितकी खात्रीची, तितका बाहेरचा वेळ वाढतो. गणित चमत्कारिक दिसते, पण ते लहान मुलाच्या बाबतीतही आपण रोज पाहतो: पाहुण्यांसमोर आईच्या पदरामागे जाऊ दिलेले मूल दहा मिनिटांनी आपण होऊन पुढे येते, आणि ओढून पुढे आणलेले रडते. याला अपवाद आहेत. जे पिल्लू ऊब आणि आडोसा मिळूनही खात नाही, ज्याचे डोळे मिटून सुजले आहेत किंवा नाक वाहते आहे, ते दडलेले नसते, आजारी असते. त्याला वैद्य लागतो, तत्त्वज्ञान नव्हे.

आत जाणे बाहेर येण्यासाठीच असते, हा निवाडा कासवाच्या शरीरातही लिहिलेला आहे. माणसाची छाती श्वासागणिक फुलते; कासवाच्या बरगड्या पाठीच्या ढालीशी जखडलेल्या असल्याने त्याची छाती फुलत नाही. पोटाचे स्नायू आणि पायांची हालचाल यांच्या जोरावर हवा आत-बाहेर होते. मान झटक्यात आत घेतली की फुप्फुसातली हवा बाहेर ढकलली जाते. दचकलेल्या कासवाचा जो फुस्स आवाज येतो तो रागाचा फूत्कार नसून हा निसटलेला श्वास असतो. म्हणजे आत जाण्याची किंमत कासव श्वासाने मोजते. आत ते तग धरते. पण चरणे, ऊन घेणे, मोकळा श्वास आणि वाढ या सगळ्यासाठी अंग बाहेरच लागते. कायम आवरून बसलेले कासव स्थितप्रज्ञ नसते, उपाशी असते.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो पंडितांचा असेल. उपमा एकदेशी असते, चंद्रमुखी म्हटल्यावर कुणी चेहऱ्यावर डाग शोधत नाही. तसे गीतेने कासवाचा एक धर्म घेतला, आवरणे, आणि बाकीचे प्राणिशास्त्र तिथे अप्रस्तुत आहे. नियम मान्य आहे. पण तो मोडला कुणी? उपमा ग्रंथात राहिली असती तर मी तिला धक्का लावला नसता. आपण मात्र उपमेवरून वागायला लागलो. कासव शांत आणि शुभ, म्हणून ते घरात असावे; ते हलत नाही, म्हणून ते समाधानी; मूल खोलीतून बाहेर येत नाही, बोलत नाही, म्हणून ते किती शहाणे आणि गुणी. उपमेचा एक धर्म उचलून आपण जिवंत प्राण्याला आणि जिवंत मुलाला लावला, तेव्हा त्या प्राण्याचे उरलेले धर्म विचारात घेण्याची जबाबदारीही आपलीच झाली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या 2016च्या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले. त्यातला आत-आत जाणारा तरुण कुणाला योगी वाटत नाही. तो आजारी आहे हे प्रेक्षकाला कळते, आणि त्याला घरात घेणारी बाई त्याला प्रश्न विचारून बाहेर ओढत नाही हेही कळते. पडद्यावर जे इतके सहज दिसते ते घरात दिसायला अवघड का जावे?

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा. कासवाला कसले भय आणि कसली इच्छा? ते यंत्रासारखे आक्रसते. तुम्ही त्याला भ्याड म्हणा की संयमी, दोन्ही माणसाची भाषा. हा आक्षेप मला अर्धा पटतो. कासवाच्या आत काय चालते ते कुणी सांगू शकत नाही, आणि त्याला स्थितप्रज्ञ ठरवणारी आजी जितकी चुकते तितकाच त्याच्या तोंडी आपले दुःख घालणारा लेखकही चुकतो. पण निव्वळ यंत्र म्हणावे तर पुरावा आडवा येतो. यंत्र सवयीने बदलत नाही. पिल्लू तोच हात शंभर वेळा निरुपद्रवी ठरल्यावर आक्रसणे सोडते. लाल पायांच्या अमेरिकी कासवांवर 2010 मध्ये ॲना विल्किन्सन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात एका कासवाने अडथळ्याला वळसा घालताना पाहून दुसऱ्यांनी तो वळसा उचलला, आणि ही जात एकट्याने राहणारी. व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयात महाकाय कासवांना समोर धरलेल्या खुणेला तोंड लावायला शिकवले होते. नऊ वर्षांनी त्यांची पुन्हा चाचणी घेतली तर धडा शाबूत होता. जो प्राणी शिकतो आणि आठवण ठेवतो, त्याच्या आत जाण्यात आणि बाहेर येण्यात परिस्थितीचा काहीतरी अंदाज असतो, एवढे म्हणायला हरकत नसावी. माझ्या युक्तिवादाला याहून अधिक नको आहे. धोक्याचा अंदाज बदलू शकतो आणि तो बदलला की वागणे बदलते, एवढ्यावरच आचार्यांचे कासव आणि ज्ञानेश्वरांचे कासव यांच्यामधला पूल उभा राहतो.

तिसरा आक्षेप धार्मिक माणसाचा आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. असा आडोसा देत राहिलात तर साधकाला आडोशाचीच चटक लागेल. एकांताचे व्यसन जडेल. मठातून, गुहेतून, मौनातून तो परतणारच नाही. हे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. पण नीट पाहिले तर न परतणाऱ्याजवळ सहसा आडोसा नसतो, कोंडी असते. हिंडलगा म्हटले की सीमाभागातल्या माणसाला आधी तिथले मध्यवर्ती कारागृह आठवते, आणि फरक समजायला ते जवळचे उदाहरण आहे. भिंती दोन्हीकडे असतात. कवच आतल्या जिवाच्या ताब्यात असते, कोठडी बाहेरच्याच्या. कैद्याच्या एकांताला आपण संयम म्हणत नाही, कारण त्याच्या हाती कडी नाही. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. या श्लोकावर विनोबांचा रोख असा होता की धोका असेल तिथे कासव अवयव आत घेते आणि नसेल तिथे ते कामाला लावते. इंद्रियांचेही तसेच करावे. ज्यांना चार भिंतींतून पाऊल बाहेर टाकता येत नव्हते अशा श्रोत्यांना हा माणूस अवयव बाहेर काढण्याविषयी सांगत होता! एकांत बाधतो की फळतो हे त्याच्या लांबीवरून ठरत नाही. कडी कुणाच्या हाती आहे आणि बाहेर येऊन करायला काही आहे का, यावर ते ठरते.

याच कसोटीवर घरातला टब टिकत नाही. त्याच्या बाजू पिल्लाच्या ताब्यात नसतात. त्यात करवंटी ठेवून आपण कोठडीत एक आडोसा केला, एवढेच. म्हणून ‘नीट पाळले तर काय हरकत’ या प्रश्नाला मी फार वेळ देणार नाही. स्टार कासव घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. 2022च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत गेले, जिथे तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे, आणि 2019 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंधन आले. भाताच्या खाचरांत आणि विहिरींत दिसणारे, मागच्या पायांवर कातडी झडपा ओढून घेणारे आपले गोड्या पाण्यातले कासवही संरक्षित आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या एकाच केंद्रातून वर्षभरात किमान 55,000 स्टार कासवे पकडली गेल्याचे आढळले होते. लक्ष्मी यावी म्हणून आणलेले पिल्लू कशाकशातून आलेले असते त्याची कल्पना या आकड्यावरून करता येते. ज्यांच्याकडे असे पिल्लू आहे त्यांनी ते ओढ्यात सोडू नये, वनखात्याकडे द्यावे. दुकानात उघड मिळणारे लाल कानपट्टीचे परदेशी कासवही तळ्यात सोडू नये. ते इथल्या कासवांच्या घासावर आणि जागेवर हक्क सांगते.

राहता राहिली आई. वारकरी संतांच्या अभंगांत एक लाडकी कल्पना पुन्हा पुन्हा येते: कासवी पिलांना दूध पाजत नाही, जवळ घेत नाही, पैलतीरावरून नुसत्या दृष्टीने त्यांना वाढवते, तशी विठ्ठलाची किंवा गुरूची कृपादृष्टी. प्राणिशास्त्र म्हणून यात तथ्य नाही. अंडी बुजवून गेलेली कासवीण मागे वळत नाही. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्ले वाळूतून निघून लाटांकडे धावतात तेव्हा त्यांच्याकडे पाहणारी माणसे असतात, आई कुठेच नसते. (या सागरी कासवांना डोके आणि पाय आत घेताही येत नाहीत, त्यामुळे गीतेची उपमा त्यांना लागूच पडत नाही.) पण 2020 मध्ये एलिझाबेत्ता व्हर्साचे आणि सहकाऱ्यांनी जमिनीवरच्या कासवांच्या नवजात पिल्लांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांनी आई पाहिली नाही, ज्यांना कुणी वाढवणार नाही, अशा पिल्लांसमोर ठिपक्यांच्या निरनिराळ्या आकृत्या ठेवल्या, तर ती बहुतेक वेळा चेहऱ्यासारख्या दिसणाऱ्या आकृतीकडे सरकली. का, ते अजून वादात आहे. संतांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि त्यांची कल्पना यामुळे खरी ठरत नाही. तरीही, दडण्यावरच ज्याचे जगणे चालते तो जीव जन्मल्याबरोबर चेहऱ्याकडे वळतो, हे आजीला सांगितले तर तिला ते ध्यानापेक्षा आवडेल.

ज्या ज्ञानेश्वरांनी कासवाला भयाऐवजी इच्छा दिली, त्यांच्याविषयी परंपरा एक प्रसंग सांगते. लोकांनी केलेल्या अपमानाने उद्विग्न होऊन ते झोपडीत गेले आणि त्यांनी ताटी लावून घेतली. तेव्हा ते कोवळ्या वयाचेच, आणि दाराशी आलेली मुक्ताई त्यांच्याहून लहान. तिच्या नावावर असलेल्या ताटीच्या अभंगांत ती भावाला रागावते, समजावते, संत कसा असावा ते त्यालाच ऐकवते, विनवते. ताटी काही वाड्याचा दिंडी दरवाजा नव्हे. काटक्यांचे आणि कुडाचे ते झापड, लहान मुलीलाही ढकलून पाडता आले असते. ती ढकलत नाही. बोलत राहते आणि थांबते.